फैसलचा क्लॅरिनेट

मी क्लॅरिनेट बोलतोय. तीन महिन्यांनी आज तोंड मोकळं झालंय. काळ्या लाकडाचा आहे आणि जळगावात पिंप्राळ्याला राहतो.

फैसलने मला एका म्हाताऱ्या बँडवाल्याकडून घेतलं. वरातीत फैसल लोक म्हणतील ते वाजवायचा. पण वरात निघण्याआधी मांडवामागे बसून एक संथ धून वाजवी. ती एरिक साती या फ्रेंच संगीतकाराची. फैसलने मोबाइलवर ऐकून ऐकून बसवलेली.

"हा साती आपल्यातलाच," तो बँडमध्ये ढोल वाजवणाऱ्या धाकट्या भावाला, तनवीरला सांगे. "पॅरिसच्या कॅफेत पियानो वाजवून पोट भरायचा, तीन कोस पायी घरी जायचा. चाळिशीला आला आणि पुन्हा संगीतशाळेत जाऊन बसला! दोस्त म्हणाले, आता कशाला? आणि तू सातवीतून पळालास."

"भाई, तुझ्या सातीला ढोल येत होता का?"

दोघं खूप हसायचे.

मग दोंडाईच्याहून परतताना सोनगीरजवळ बँडची गाडी उलटली. मी पेटीत होतो, वाचलो. फैसल गेला.

दफन करून आल्यावर तनवीरने माझी सगळी भोकं चिकटपट्टीने बंद केली. भाईचा शेवटचा श्वास आत आहे, तो निसटू नये म्हणून. कुणी हात लावला की अंगावर धावून जाई. माझा त्याच्यावर राग नाही. इतक्या प्रेमाने कुणी कुणाला कोंडलं नसेल. पण ओल आतच राहिली, कळांखालच्या गाद्या कुजू लागल्या.

काल बँडमधले निंबानाना आले आणि अहिराणीत ओरडले, "आरे, हाई काय शे? बाजाले पट्टी कसाले बांधी? येडा व्हयना का रे?"

"आत भाईचा श्वास आहे, नाना."

नानांनी मला हुंगलं. "बुरशी शे, बेटा. आखो म्हैनाभर ऱ्हायना तर हाऊ बी मरी जाई."

आणखी महिनाभरात मीही मरेन, हे ऐकून तनवीरने त्यांना शिव्या घालून हाकललं. आज सकाळी मात्र एकदम उठला, पट्ट्या टराटरा ओढल्या, मला पुसलं आणि फुंकलं.

जे निघालं ते ऐकून गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. तो मला खाली ठेवणार, तोच भाकरी थापता थापता त्याची आई रईसाअम्मी आतून म्हणाल्या, "ठेवू नको. फैसलने पहिल्या दिवशी याहून वाईट वाजवलं होतं."

तुमच्या घरी कुणाचं वाद्य मागे राहिलं असेल तर ते कोंडू नका. श्वास साठवता येत नाही आम्हाला, रोज नवा लागतो.

आता माझं बोलणं पुरे. तनवीरने मला पुन्हा ओठांना लावलंय.