उजव्या हाताचं घर

दुकानाच्या काचेवर नाव रंगवायचं तर ते आतल्या बाजूने रंगवतात, म्हणजे ऊन-पावसाने रंग उडत नाही. आतून रंगवायचं म्हणजे प्रत्येक अक्षर उलटं काढायचं, तेव्हा कुठे ते रस्त्यावरून सुलट दिसतं. आमच्या या पेंटरचा हात त्या उलट्या कामात इतका बसला होता, की उलटं वाचतोय की सुलट, हे त्याचं त्यालाही कळत नसे. बायको म्हणायची, "यांना उलटं सांगितलं तर लगेच कळतं. सुलट सांगून बघा, डोक्यावरून जातं."

अकरा वर्षांपूर्वी या गृहस्थाने न बघता एक घर विकत घेतलं. बसने जायला अख्खा दिवस लागेल इतक्या लांबच्या गावात. राहत्या शहरात तेवढ्या पैशांत दाराची चौकटही आली नसती. तिकडे दोन खोल्या, मोरी आणि मागे हातभर अंगण आलं. दलालाने पाच फोटो पाठवले. दलाल हौशी होता, मोबाईलच्या पुढच्या, स्वतःचा फोटो काढायच्या कॅमेऱ्यानेच त्याने घराचेही काढले होते, त्यामुळे पाचही फोटोंत कोपऱ्यात त्याचा कान होता. भाडेकरू आधीपासूनच होती: खुर्च्यांच्या बैठकी वेताने विणणारी एकटी बाई. स्वतः तीस वर्षं दुसऱ्याच्या दोन खोल्यांत राहणारा पेंटर असा घरबसल्या मालक झाला.

तेव्हापासून रोज दुपारी जेवण झालं की तो दुकानातल्या बाकावर आडवा व्हायचा, डोळे मिटायचा आणि निघायचा. तीन पायऱ्या, निळं दार. आत शिरलं की उजवीकडे मोठी खोली. खोलीत खिडकी, खिडकीत पेरूचं झाड, भिंतीवर कॅलेंडर. खिडकीखाली तो खुर्ची टाकून बसायचा. झाडाची सावली पायावरून हळूहळू सरकत जायची आणि त्याला कसलीच घाई नसायची. कधी तो पेरू खायचा. कधी नुसताच फरशीवरून हात फिरवायचा. फरशी गार लागायची. बायको रिकामा डबा न्यायला आली की विचारायची, "गेलात का माहेरी?"

बाईंशी फोनवर बोलणं व्हायचं. त्या म्हणायच्या, "मालक, डावीकडच्या खिडकीतून पाणी आत येतंय." मालक म्हटलं की पेंटरला अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं वाटायचं. "डावीकडच्या नव्हे हो, उजवीकडच्या," तो म्हणायचा. "तुम्ही दाराकडे तोंड करून बोलताय वाटतं." बाई म्हणायच्या, "असेल बाई." मालकाशी कोण हुज्जत घालणार?

आणि मग या वर्षी पेंटरच्या स्वतःच्या घरमालकाच्या मुलाने निरोप दिला, की इमारत पाडायची आहे, दोन महिन्यांत खोल्या रिकाम्या करा. बायकोने डोक्याला हात लावला नाही की रडारड केली नाही. ती उलट खुशीतच होती. "बरंच झालं. आयुष्यभर दुसऱ्याच्या भिंतीला खिळा ठोकायचा तरी विचारावं लागलं. आता आपल्या घरात राहू. बाईंना सांगून टाका."

सांगून टाका! पेंटरने तीनदा फोन लावला आणि तिन्ही वेळा तिकडच्या हवापाण्याची चौकशी करून ठेवून दिला. शेवटी स्वतःच जायचं ठरलं. दारावर लावायला त्याने काचेवर आपलं आडनाव रंगवलं, सोनेरी, काळ्या किनारीचं. जुन्या चादरीत गुंडाळलेली ती काच मांडीवर घेऊन तो पहाटेच्या बसमध्ये बसला. बायको भांडी बांधायला लागली.

बसमध्ये तो एकच वाक्य घोकत होता: बाई, आम्हालाच राहायला यायचंय. दुपार कलली तेव्हा तो त्या गल्लीत पोचला. तीन पायऱ्या होत्या. निळं दार होतं, रंग थोडा उडालेला, पण निळंच. त्याला भरून आलं. दार नुसतं लोटलेलं होतं. तो आत शिरला, अकरा वर्षांच्या सवयीने उजवीकडे वळला आणि कपाळ धाडकन भिंतीवर आपटलं.

"मालक का? उजवीकडे वळणारे तुम्हीच." डावीकडून बाईंचा आवाज आला. "तिकडे भिंत आहे. खोली इकडे."

पेंटर कपाळ चोळत उभा राहिला. खोली डावीकडे होती. खिडकी, पेरूचं झाड, सगळं जागच्या जागी आणि सगळं उलट्या हाताला. त्याने खिशातून फोटो काढला. कॅलेंडरवरचे आकडे उलटे होते. त्या कानवाल्या दलालाच्या कॅमेऱ्याने आरशात दिसतं तसं घर पाठवलं होतं. दुसऱ्या कुणाला पहिल्याच दिवशी कळलं असतं. पेंटरने ते कॅलेंडर हजारदा वाचलं होतं आणि त्याला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. तो हसायलाच लागला.

"हे बघा तरी बाई, काय गंमत झालीय." त्याने फोटो पुढे केला.

बाईंनी विणता विणता हात पुढे केला तो फोटोच्या वीतभर बाजूला. मग चाचपून फोटो घेतला आणि अंगठ्याने चोळला. "काय आहे? पत्र?"

पेंटरचं हसू जिरलं.

"चार वर्षं झाली," बाई म्हणाल्या. "आधी धूसर, मग तेही नाही."

"मला बोलला नाहीत कधी."

"छप्पर गळलं तर मालकाला सांगायचं. डोळे गळाले तर त्याला काय सांगायचं?" त्या उठल्या, कशालाही न अडखळता सात पावलं चालल्या, चहा ठेवला, कपाच्या काठाशी बोट धरून ओतला. एक थेंब सांडला नाही. "बाहेर मी आंधळी आहे हो. इथे मला दिसतं."

चहा झाला. बाईंचा हात त्याने शेजारी ठेवलेल्या, चादरीतल्या काचेला लागला. चादर सारून बोटं काठावरून, मग रंगाच्या उंचवट्यावरून फिरली.

"दारावरची पाटी आहे ना? तुम्ही फोनवर हवापाणी विचारायला लागलात तेव्हाच मला वाटलं होतं. घर तुमचं आहे, मालक. फक्त थोडी मुदत द्या. नव्या जागेची पावलं पाठ करायला वेळ लागतो."

घोकलेलं वाक्य पेंटरच्या ओठावर होतं. त्याने डोळे मिटले. लगेच ते आलं, त्याचं घर. उजवीकडे खोली, गार फरशी, पायावर सरकती सावली. या बाईंच्या घरात त्यातलं काहीच नव्हतं.

"नाही हो बाई," तो म्हणाला, "पत्ता चुकलाच माझा. खिडकीतून अजून पाणी येतं का तेवढं बघायला आलो होतो. डावीकडच्या."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो परतला तेव्हा बायको बांधलेल्या बोचक्यांमध्ये बसली होती. तिने काच पाहिली. "लावली नाहीत?"

त्याने सगळं सांगितलं. ती भडकली. "मला विचारलंत? परस्पर दानशूर झालात? मी नको का कुठे राहायला?" तिचं बरोबर होतं. त्याला खूप वाईट वाटलं आणि त्याने तसं म्हटलंही. "पुन्हा भाड्याच्याच खोल्या गं. लहान मिळतील. जमेल तसं भागवू."

तिने काच पुन्हा चादरीत गुंडाळून भिंतीला टेकवली. मग तिने एक बोचकं डोक्याखाली ओढलं आणि ती आडवी झाली.

"ती बाई खरंच एक थेंब सांडत नाही?"

"नाही."

"हं." तिने डोळे मिटले. "या इकडे. अकरा वर्षं एकटेच जाताय, आज मला न्या. पायऱ्या किती?"

"तीन," तो तिच्याशेजारी आडवा होत म्हणाला. "दार निळं. लोट."

"लोटलं."

"आता उजवीकडे वळ. बिनधास्त. तिथे भिंत नाही."