मासळीची जीप

आमच्या जीपला मासळीचा वास यायचा, कबूल. मासळीची जीप ती, तिला काय मोगऱ्याचा वास येणार? पण मासळीनं इंजिन बिघडतं असं मला सांगितलं, तेव्हा मी मुकाट्यानं खरं मानलं. सांगणारी माणसं घरची होती ना, म्हणून.

मी हिरा, घिवलीची. जीप जुनीच घेतलेली, पेट्रोलवाली, माझ्या आईनं दिलेल्या पाटल्या मोडून. का घेतली तेही ऐका. बोईसरच्या बाजारात मासळी न्यायची तर एसटीशिवाय वाट नाय, आणि कंडक्टर पाटी बघितली की दारातच हात आडवा घालायचा. "मावशी, पाणी गळतंय, उतरा खाली." एसटी निघून जायची आणि आमची कोळंबी उन्हात तापत बसायची. राहीबाय म्हणजे माझी शेजारीण. लग्न होऊन आले तेव्हापासून आमी दोघी बरोबर बाजार करतो. एकदा तिची अख्खी पाटी अशीच नासली आणि ती रस्त्यातच रडायला बसली. मी तशीच घरी आले आणि आमच्या ह्यांना म्हणाले, "पाटल्या मोडा. बायांना बोईसरला न्यायला आपली गाडी घेऊ."

हे बोटीवर जाणारे, म्हणून गाडी चालवायला माझा दीर, एकनाथ. सासू गेली तेव्हा त्याला स्वतःचं नाक पुसता येत नव्हतं. मी वाढवलं त्याला. लायसन काढायला पालघरला मीच घेऊन गेले, साहेबासमोर हा घाबरला तर पाठीवर हात मीच ठेवला.

गाडी साफ करायचं काम मात्र माझं. भांगाच्या दिवसांत पाण्याला जोर नसतो, मासळी थोडीच लागते, मग बाजारही नाय. तेव्हा जीप ओट्यापुढे उभी करायची आणि एकनाथ एअर फिल्टर काढून माझ्या हातात द्यायचा. आमच्या जीपचा फिल्टर म्हणजे लोखंडी डबा. तळाला तेल, वर तारेची जाळी. बाहेरची हवा तिथून जाते, धूळ तेलात बसते आणि साफ हवा रबरी नळीतून पुढे कार्बोरेटरला मिळते. मी काळं तेल ओतून टाकायची, जाळी रॉकेलात बुडवून जुन्या दात घासायच्या ब्रशानं घासायची, उन्हात सुकवायची, मग नवं तेल खुणेपर्यंत भरायची. कार्बोरेटरच्या बारीक भोकात तार खुपसायची नाय, फुंकर मारायची, हे बोईसरच्या मेस्त्रीनं शिकवलेलं. दिवसभर तोंडाला पेट्रोलची चव राहायची. पण गाडी काय पळायची म्हणता!

दसरा झाला आणि गाडीला काय झालं कोण जाणे. चढ आला की दम टाकायची, मागून काळा धूर सोडायची, आणि गाव सोडून थोडं पुढे गेली की ठप्प. एकनाथ बॉनेट उघडून मान हलवायचा. "वैनी, खारं पाणी, खवलं, सुकटीचा भुसा, सगळं आत ओढलं जातं. इंजिन गुदमरतं. ही गाडी मासळीची नाय." घरी यावं तर ह्यांचं पण तेच.

मग मी घासायला बसले. भांग बघितला नाय, उधाण बघितलं नाय, बाजारातून आले की डबा पुढ्यात. रॉकेलानं हाताची सालं निघाली. बोईसरला कारखान्यातले कामगार पापलेट नाकाशी धरून विचारायचे, "मौसी, मछली में मिट्टी का तेल डाला क्या?" हसायचे मेले. आणि मी घासत असताना हे बाजूला ओट्यावर जाळं दुरुस्त करत बसलेले. "त्या कोपऱ्यात राहिलं बघ," असं हातातल्या सुईनं दाखवायचे. मला वाटायचं, बघा, किती काळजी माझ्या गाडीची!

सगळ्यात वाईट म्हणजे मी राहीबायला बोलले. "तुझी पाटी सगळ्यात जास्त गळते. तुझ्यामुळं माझी गाडी जाणार." ती पाटी उचलून खाली उतरली. मग एकेक करून बाकीच्या पण परत एसटीच्या रांगेत गेल्या.

एका दुपारी घरात कोणी नव्हतं. एकनाथ एसटीनं बोईसरला गेलेला, हे किनाऱ्यावर. मी ठरवलं, आज नुसता डबा नाय, सगळंच उघडायचं. रबरी नळीला एकनाथ मला कधी हात लावू द्यायचा नाय. "फाटली तर दुसरी मिळणार नाय, वैनी." फाटू दे मेली, म्हटलं. पट्टीचा स्क्रू सैल केला, नळी ओढून काढली, आत बोट घातलं. काहीतरी मऊ लागलं. मला वाटलं उंदीर मेला. शेपटी धरून ओढलं, तर शेपटी नव्हती, दोरी होती. चिंध्यांचा गच्च बोळा, नायलॉनच्या सुतानं बांधलेला, आणि काढता यावा म्हणून एक टोक बाहेर सोडलेलं.

चढावरचा तो दम, तो काळा धूर, सगळं माझ्या ध्यानात आलं. खवलं नाय, भुसा नाय, कोणीतरी मुद्दाम गाडीचा गळा आवळला होता. तुझा मुडदा बशिवला एकनाथ, माझ्या हातचं खाऊन वाढलास आणि माझ्याच गाडीत बोळा? मी तिथंच मातीत बसून ओरडले.

मग त्या सुताकडे नजर गेली. जाळ्याची गाठ होती. एकनाथला जाळं विणता येत नाय, तो कधी शिकलाच नाय. आणि ही गाठ उलटी पडलेली. डावऱ्या हाताची गाठ तशी पडते, आणि आमच्या आळीत डावरा माणूस एकच. त्याचं फाटलेलं जाळं मी इतकी वर्षं शेजारी बसून धरलंय, ती गाठ मी अंधारात बोटांनी ओळखीन.

हे संध्याकाळी आले. मी बोळा पुढे धरला. "मला काही ठाऊक नाय," एवढं जरी हे बोलले असते तरी, खरं सांगते, मी मान्य केलं असतं. पण हे शांतपणे पाय धुवून ओट्यावर बसले.

"कंपनीत लावतोय गाडी," हे बोलले. "साहेबांना स्टेशनावरनं न्यायचं-आणायचं. एकनाथचं कायमचं काम होतंय. तिथं मासळीचा वास चालत नाय."

"मला का नाय विचारलं?"

"तू नाय बोलली असतीस."

"नायच बोलले असते! माझ्या आईच्या पाटल्या हायत त्या!"

"म्हणून तर," हे बोलले. "बाया आपणहून एसटीला गेल्या की तू पण नाद सोडशील, असं वाटलं. भांडण नको."

भांडण नको! म्हणून मला रोज मातीत बसवून घासायला लावलं. आणि हे उठले, बॉनेटमध्ये वाकून बघितलं, खूश झाले. "कार्बोरेटर पण साफ केलास? बरं केलंस. उद्या साहेब गाडी बघणार हाय."

सकाळी जीप एका झटक्यात चालू झाली. काय गोड आवाज होता! आवाज ऐकून राहीबाय डोक्यावर पाटी घेऊन धावत आली, तिच्या मागून बाकीच्या. "हिरे, सुधारली गो गाडी!" रागबिग सगळं विसरली ती, आणि पाटी मागे ठेवून मोकळी झाली. सीटवर पांढरी कव्हरं होती, ती पण तिनं बघितली नाय.

एकनाथ इस्त्रीचा शर्ट घालून खाली उतरला. त्यानं तिची पाटी उचलली आणि रस्त्यावर ठेवली. तिच्याकडे बघायची हिंमत झाली नाय त्याला, माझ्याकडे बघितलं. "वैनी, तूच सांग ना ह्या बायांना. तुझं ऐकतात."

हे ओट्यावर उभे होते. आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाय. लग्नात उखाण्यात एकदा घेतलं, ते पण लाजत. रेशनकार्ड काढताना सुद्धा मी शेजारच्या पोरीला पुढे केलं होतं.

"सांगते," मी बोलले. "राहीबाय, गाडीला काय झालं नव्हतं. तुझ्या पाटीत पण काय खोट नव्हती. नळीत बोळा घालून ठेवला होता."

"अगो बाय! कोणी?"

मी ओट्याकडे बघितलं आणि आळीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात बोलले, "वामननं."