अनधिकृत व्यक्ती

"काका, मान हळूहळू गोल फिरवा. बोलू नका," शोरूमचे साहेब म्हणाले. आमच्या यांनी मान अशी ताठ धरून फिरवली, जणू न्हाव्याचा वस्तरा गळ्यावर आहे.

"बोलतंय कोण?" हे बोललेच.

फोनने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. चेहरा डावीकडून टिपला, उजवीकडून टिपला, आणि तिसऱ्या खेपेला पडद्यावर हिरवी खूण उमटली. आता हा फोन जगात फक्त तुमचंच तोंड बघून उघडणार, असं साहेबांनी सांगितलं. सत्तावीस वर्षं भिंग लावून यांच्या उजव्या डोळ्याभोवती एक कडं पडलंय. फोनला ते दिसलं असलं तर बरं, असं मला वाटलं. निदान समोरचा माणूस काय काम करतो ते तरी त्याला कळेल.

नवा फोन आज पहिल्यांदाच विकायला आला होता. शोरूमच्या दाराला फुगे लावले होते आणि उजाडायच्या आत रांग लागली होती. आमचा नंबर सातवा. पुढचे सहाही जण आमच्या मुलीपेक्षा लहान. दारावरच्या रखवालदाराने विचारलं, "आजोबा, नातवाला भेट द्यायचाय का?"

"नाही. घरी नेऊन पोट फाडायचंय," हे म्हणाले. रखवालदार पोट धरून हसला. त्याला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय.

थट्टा कसली! रस्ता ओलांडला की शोरूमच्या बरोबर समोर आमचं फोन दुरुस्तीचं दुकान. आत तीन माणसं उभी राहिली तर चौथ्याने श्वास बाहेर जाऊन घ्यावा, एवढं. लोक यांना डॉक्टर म्हणतात. मला कोणी काही म्हणत नाही, पण या दुकानातला एकही स्क्रू माझ्या हाताखालून गेल्याशिवाय परत फोनमध्ये जात नाही, हे आधीच सांगून ठेवते.

दोन वर्षांपूर्वी शोरूम आली आणि सगळ्यात आधी आमची मुलगीच तिथे कामाला लागली. निळा टी-शर्ट, गळ्यात पट्टा, थंडगार हवा. साहेब माणूस वाईट नाही, गोडच बोलतो. पण तितक्याच गोडीने गिऱ्हाइकाला सांगतो, "समोर दिलात तर फोन गेला समजा." हल्लीचे फोन गोंदाने असे चिकटवून येतात की पत्ता लागत नाही, झाकण कुठलं आणि बूड कुठलं. बिघडला की म्हणे टाका आणि नवा घ्या. लोक आमच्या दारात येऊन बिचकत विचारू लागले, "डॉक्टर, तिकडे म्हणाले हा दुरुस्त होतच नाही. खरं का?" मग विचारायलाही येईनासे झाले.

शेवटी मुलीनेच साहेबांकडे शब्द टाकला आणि बापासाठी नोकरी मिळवली. खुर्चीवर बसायचं, गिऱ्हाइकाचा बिघडलेला फोन घ्यायचा, त्यावर चिठ्ठी चिकटवायची आणि पेटीत टाकायचा. पेटी कुठे जाते ते विचारायचं नाही. मुलीचा हेतू चांगला होता. पण ती हे सांगत असताना हे जे गप्प बसले, तसं मी यांना फक्त सासूबाई गेल्या तेव्हा पाहिलं होतं.

दोन दिवसांनी यांनी तोंड उघडलं. "नवा फोन येतोय ना? म्हणे कंपनीबाहेर कुणाला तो उघडताच येत नाही. मी उघडतो. उघडला, परत मिटला आणि वाजला, तर दुकान राहील. नाही वाजला, तर त्याच संध्याकाळी शटर ओढीन आणि दुसऱ्या दिवशी निळा टी-शर्ट घालीन." साहेबांना त्याच संध्याकाळी उत्तर हवं होतं. शटर गंजलं होतं आणि ते बदलायला पैसे बाजूला ठेवले होते. ते फोनला गेले. यावर मी यांना काय बोलले ते इथे लिहीत नाही. पण रांगेत मीही उभी होते, यावरून काय ते समजा.

शोरूममध्ये सगळं रीतसर लावून घेतलं. कार्ड घातलं, भाषा निवडली, आकड्यांचं कुलूप ठेवलं. नाव विचारलं तेव्हा हे म्हणाले, "डॉक्टर लिही." मुलीने साहेबांकडे पाहिलं आणि लिहिलं. उघडण्याआधी रोगी धडधाकट आहे की नाही हे बघायचं, ही यांची जुनी पद्धत. मला फोन लावला. माझा वाजला.

"बाबा, अजूनही नका उघडू," मुलगी खोकं हातात देताना हळूच म्हणाली. "नुसता वापरा ना. छान आहे."

"छान आहे म्हणूनच तर आत काय आहे ते बघायचंय," हे म्हणाले.

दुकानात आल्यावर मी जाड कागदावर फोनची आकृती काढली. ही आमची रीत. एका फोनमध्ये पंचवीस-तीस स्क्रू असतात, तिळाएवढे, आणि बघायला सगळे सारखे. पण एक केसभर लांब, एक केसभर आखूड. आखूड स्क्रूच्या भोकात लांब गेला की खालच्या सर्किटच्या पाटीला टोचतो आणि फोन कायमचा मरतो. म्हणून हे स्क्रू काढतात, मी कागदावर त्याच्या जागी ठिपका काढून तो त्यावर ठेवते. आणि म्हणूनच आमच्या दुकानाचा एकच कायदा: फोनचं पोट उघडं असलं की पंखा बंद. कितीही उकडो. आमची मुलगी याच दुकानात घामाने वह्या भिजवत शिकली.

यांनी गरम हवेने काठ शेकला. पातळ पत्ती घातली. गोंद तारेसारखा ताणला जात होता आणि हे श्वास धरून बसले होते. मीही. मग चट् असा बारीक आवाज आला आणि कुणाला न उघडणारा फोन पुस्तकासारखा उघडला.

मला वाटलं, आता हे शड्डू ठोकतील. पण हे बराच वेळ नुसते आत बघत राहिले. "काय सुंदर काम केलंय गं," हे म्हणाले. "ज्याने जुळवलं त्याला नमस्कार. एवढं चांगलं काम लोकांपासून लपवून का ठेवतात?"

एकतीस स्क्रू निघाले. एकतिसावा मी कागदावर ठेवला, यांनी बॅटरी अलगद सोडवून बाजूला घेतली, आणि तेवढ्यात मुलगी आत आली. पहाटेची पाळी संपवून, भर उन्हातून रस्ता ओलांडून.

"आई गं, काय उकडतंय!" ती म्हणाली आणि तिचा हात बटणावर गेला.

मी ओरडेपर्यंत पंखा फिरला होता. कागद टेबलावरून उडाला, भिंतीला आपटला आणि खाली आला. रिकामा.

मी पंखा बंद केला. यांनी डोळ्यावरचं भिंग काढून टेबलावर ठेवलं. मुलगी तशीच उभी, तोंडावर हात धरून. "बाबा, मी... मी विसरले."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन वर्षं थंड हवेत काय बसली, घरचा एवढा एक कायदा विसरली! पण तिचा चेहरा पाहिला आणि मी राग गिळला. आपण विसरलो, याचंच तिला जास्त लागलं होतं.

"जाऊ दे ना बाबा," ती रडवेली होऊन म्हणाली. "झालं ते झालं. मी साहेबांना सांगते, तुम्ही उद्यापासून येताय म्हणून."

हे 'हो' म्हणणार होते. यांचे ओठ हलले, मी पाहिलं. तेवढ्यात मीच पुढे झाले.

"कुणी कुणाला काही सांगायचं नाही," मी म्हटलं. "तू बूट आहेत तिथेच काढ आणि खाली बस. पाऊल उचलायचं नाही. अहो, तुम्ही लोहचुंबक द्या."

अर्धा तास आम्ही तिघं गुडघ्यांवर. टेबलाखाली, कोपऱ्यात, बुटांच्या तळव्यात. तीस सापडले. एकतिसावा काही केल्या मिळेना. आणि मिळालेले तीस कुठले कुठे जायचे, हे कागदाला कसं कळणार? त्यावर नुसते ठिपके होते.

"आता कसं जमायचं?" हे म्हणाले.

"बाजूला व्हा," मी म्हटलं.

मी एकेक स्क्रू अंगठ्याच्या नखावर आडवा ठेवला. नखाच्या पांढऱ्या काठापर्यंत पोहोचतो तो लांब, अलीकडे राहतो तो मधला, त्याच्याही अलीकडचा आखूड. तीन ढीग झाले. मग डोळे मिटले आणि यांनी सकाळी ज्या क्रमाने हातात दिले तो क्रम आठवला. वरच्या कोपऱ्यात दोन लांब, कॅमेऱ्यापाशी एक आखूड, त्याच्या शेजारी मधला, तो काढताना हे शिंकले होते. डोक्याला आठवेना तिथे हाताला आठवलं. ठिपक्यांवर एकेक स्क्रू जाऊन बसू लागला.

"खात्री आहे ना?" हे म्हणाले. "एक जरी चुकला..."

"सत्तावीस वर्षांत कधी चुकले का?"

"एकदा."

"तेव्हा तुम्ही बोलत होता."

मुलगी खाली बसून माझ्या हातांकडे बघत होती. हे हात ती जन्मापासून बघत आलीय, पण आज बघायची तिची तऱ्हा वेगळी होती.

राहिला एक ठिपका. तिथला हरवलेला स्क्रू आखूड होता. मी फळीवरच्या बाटल्या खाली काढल्या. जुन्या, मेलेल्या फोनचे स्क्रू मी लांबीप्रमाणे बाटल्यांत भरून ठेवते. घरचे त्याला माझा लोणच्याचा साठा म्हणतात. आठ वर्षांपूर्वीच्या एका मॉडेलचा आखूड स्क्रू काढला आणि यांच्या चिमट्यात दिला. यांनी तो भोकात धरला, दोन वेढे फिरवले, आणि तो असा बसला जणू तिथेच जन्मला होता.

हे हसायला लागले. कित्येक दिवसांनी. "फुगे काय, रांगा काय! आणि स्क्रू आठ वर्षांपूर्वीचाच!"

बॅटरी बसली, काठाला गोंद लागला, आणि फोन दाबून धरायला कपड्यांचे चिमटे लावले, कडेने सगळीकडे. गोंद वाळेपर्यंत तिघं त्याच्याकडे बघत बसलो. मग चिमटे काढले आणि यांनी बटण दाबून धरलं.

पडदा उजळला. मुलीने टाळी वाजवायला हात उचलले आणि तसेच खाली आणले. पडद्यावर अक्षरं आली होती. तिने वाचून दाखवली: "हा फोन अनधिकृत व्यक्तीने उघडला आहे. कृपया अधिकृत केंद्राशी संपर्क साधा."

यांनी फोन तोंडासमोर धरला. 'चेहरा ओळखता आला नाही.' पुन्हा धरला. तेच. मग यांनी भिंग डोळ्याला लावून धरला, मग घाम पुसून, मग दारात उजेडात जाऊन. सकाळी ज्याने हिरवी खूण दिली होती तो फोन दुपारी यांना ओळख दाखवेना.

"चेहरा वाचणारा भाग त्यांच्याच यंत्राने जुळवून घ्यावा लागतो बाबा," मुलगी म्हणाली. "आता तो चेहरा ओळखायचा नाही. कधीच."

हे दारातच उभे राहिले. मग माझ्याकडे वळून लहान मुलासारखं विचारलं, "म्हणजे हरलो का गं?"

मला फार वाईट वाटलं. आणि रागही आला, त्या पलीकडच्या फुग्यांचा, त्या अक्षरांचा. "आकडे दाबा आणि मला फोन लावा," मी म्हटलं.

यांनी आकडे दाबले. माझ्या हातातला फोन वाजला. मी तो मुद्दाम उचलला नाही, पूर्ण वाजू दिला. समोरच्या फुटपाथपर्यंत ऐकू जाईल एवढा मोठा आवाज आहे माझ्या फोनचा.

"बोली वाजण्याची होती," मी म्हटलं. "तोंड ओळखण्याची नव्हती. तुम्हाला ओळखायला मी आहे."

संध्याकाळी साहेब उत्तर घ्यायला आले. फोन पाहिला, पडद्यावर तशीच राहिलेली ती अक्षरं वाचली आणि मान हलवली. "काका, काय केलंत हे! वॉरंटी गेली."

"वॉरंटी गेली. फोन आहे," हे म्हणाले. "आणि साहेब, खुर्ची दुसऱ्या कुणाला द्या. मला चिठ्ठ्या चिकटवता येत नाहीत."

साहेबांनी मुलीकडे पाहिलं. ती खाली मान घालून बाटल्यांची झाकणं घट्ट करत होती. तिची नोकरी त्यांच्या हातात होती, आणि तरी ती म्हणाली, "सर, माझंही उत्तर ऐका. मी उद्या कामावर येईन, पण समोर दिला तर फोन गेला, असं मी कुणाला सांगणार नाही." साहेब रस्ता ओलांडून परत गेले. उद्या काय ते उद्या.

यांनी फोन पुसला आणि दर्शनी काचेच्या कपाटात रस्त्याकडे तोंड करून ठेवला. तार जोडली, उजेड पूर्ण वाढवला आणि पडदा विझणार नाही अशी व्यवस्था केली. ती अक्षरं रस्त्यावरून स्वच्छ वाचता येत होती.

"व्यक्ती एकच लिहिलीय," मी म्हटलं. "तिघं होतो."

"त्यांना काय माहीत," हे म्हणाले.

मग आम्ही पंखा लावला आणि चहा घेतला. दिवसभराचा घाम आता कुठे वाळत होता. दारात एक बाई येऊन थबकली. हातात शोरूमची पिशवी नव्हती, फुटक्या काचेचा जुना फोन होता. तिने कपाटातली अक्षरं सावकाश, ओठ हलवत वाचली, आणि मग आत पाहून विचारलं, "हा उघडाल का?"

"बसा," हे म्हणाले आणि भिंग डोळ्याला लावलं.

मी कागद घ्यायला वळले. माझ्या आधी मुलगी उठली आणि तिने पंखा बंद केला.