आठ बेडूक

विनेशने जाळीखाली हात घालून आणखी एक बेडूक बाहेर काढला. पाय ताठ, पोटाची कातडी लालसर. सकाळपासूनचा हा तिसरा.

दिवाळीनंतर शेजारचं भातशेत विकलं गेलं आणि त्यात भराव पडू लागला. तेव्हा डंपरच्या पुढे धावत त्याने एकवीस बेडूक बादलीत गोळा केले होते. नागावातल्या घरामागे, नारळांच्या सावलीत, त्याने खड्डा खणून पाणी भरलं, दगड मांडले, वरून मासेमारीची जुनी जाळी ताणली. आता आठ उरले होते.

अलिबागच्या कॉलेजात प्राणीशास्त्र शिकवणाऱ्या रुचिता मॅडम त्याच्या विनंतीवरून आल्या होत्या. त्यांनी मेलेला बेडूक उलटसुलट करून पाहिला, मग पेनाएवढं यंत्र खड्ड्यातल्या पाण्यात बुडवलं.

"हे पाणी कुठलं?"

"विहिरीचं."

"फार खारं आहे. बेडूक कातडीतून पाणी घेतात, म्हणून मरतायत. गोडं पाणी नाही मिळणार?"

विनेश मान खाली घालून दगड सारखे करत राहिला.

"रामराज गावाकडच्या ओढ्यात सोडा मग. आजच."

"तिथं जगतील?"

"सांगता येत नाही. इथं मात्र नाही जगणार."

त्याने एकेक करून आठही बेडूक बादलीत घातले, वर ओलं फडकं बांधलं. रोज संध्याकाळी तो त्यांच्यासाठी दिव्याखालचे किडे गोळा करायचा.

मागच्या दारातून त्याची आई, मनुबाई, भिंतीला धरत आली.

"ऊन हाय, मॅडम. पानी घ्या."

रुचितांनी तांब्यातून एक घोट घेतला आणि तो कसाबसा गिळला. त्यांची नजर मनुबाईच्या पायांवर गेली. घोटे सुजलेले होते.

"तुम्ही हेच पाणी पिता?"

"व्हय. दोन वर्सं झाली. आदी गोडं व्हतं." मनुबाई हसली. "डाक्टर बोलतो, मीठ सोडा. कालवनात मी घालीतच न्हाय. आनकी कुटनं सोडू?"

विनेशने मोटरसायकल सुरू केली. बादली दोन पायांत धरून तो फाटकाबाहेर पडला. मॅडमकडे त्याने पाहिलं नाही.

मनुबाई तांब्यासाठी हात पुढे करून उभी होती. रुचितांनी तो पुन्हा तोंडाला लावला आणि उरलेलं सगळं पाणी पिऊन टाकलं.