सरळ केलेले खिळे

आमच्या मधलीला मुलगी झाली त्या वर्षी ते वादळ आलं. नातीला बघायला जायचं म्हणून मी दुपटी शिवून ठेवली होती. वादळाने दुपटीही नेली आणि छप्परही नेलं.

माझे यजमान पत्र्याचं काम करायचे. सगळी गल्ली त्यांना मिस्त्री म्हणायची, आणि ऐकून ऐकून मीही तेच म्हणायला लागले होते. त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे माझे भाऊजी, आमच्याकडेच असायचे. कापसाच्या गिरणीत उमेदीची वर्षं घालवली आणि छातीचा भाता करून घेतला. डॉक्टर म्हणाले होते, औषध असं काही नाही, फक्त ओल लागू देऊ नका.

नगरपालिकेची गाडी भोंगा लावून फिरली. छपरं गेलेल्यांना नवे पत्रे मिळतील, पाहणी होईपर्यंत थांबा. शाळेत आसरा दिला होता, पण तिथल्या फरशीला पाणी सुटलेलं. गल्लीतले बाकीचे थांबले. मिस्त्रींना थांबवेना. नाल्यातून, लोकांच्या कुंपणातून त्यांनी आपले पत्रे हुडकून आणले, ठोकून पोचे काढले, भोकांवर डांबर लावलं, पिचलेले वासे तारेने आवळले आणि छप्पर चढवलं.

"अरे दादा," भाऊजी खाटेवरून म्हणाले, "लोक फुकटच्या पत्र्यांची वाट बघतायत आणि तुझी घाई तर अशी, जसा काही जावई वेशीवर येऊन उभा राहिलाय."

"तू गप पड. ओल लागेल."

पाहणीला एक तरुण बाई आल्या. चिखलाने माखलेल्या, दमलेल्या, पण बोलायला गोड. आत येऊन त्यांनी वर पाहिलं.

"छप्पर तर आहे की, आजी."

"उडालं होतं हो. यांनी ठिगळं लावून बसवलंय."

"टिकेल का, मिस्त्री?"

त्या बाईंनी साधंच विचारलं. पत्र्यांची चाळण झालीय, वासे आतून गेलेत, जोराचा वारा आला की संपलं, हे मिस्त्री सकाळीच मला म्हणाले होते. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. पण अख्ख्या आयुष्यात गिऱ्हाइकाने हा प्रश्न विचारला की त्यांच्याकडे एकच उत्तर असायचं.

"मी बसवलंय, बाई. न टिकायला काय झालं?"

बाईंनी समाधानाने मान हलवली आणि त्या शेजारच्या घरात गेल्या.

पत्र्यांच्या यादीत आमचं घर आलं नाही, म्हणून मी नगरपालिकेत जाऊन आले. तिथला कारकून भला होता. आवाज खाली आणून म्हणाला, "मावशी, घर उघडं दिसलं तरच पुन्हा पाहणी लागते. चढवलेल्या छपराला पत्रे कोण देणार?"

घरी येऊन सांगितलं, तर मिस्त्री ऐकेनात. भाऊजीच हट्टाला पेटले. "काढ रे. आढ्याकडे बघून बघून डोळे विटले माझे. थोडे दिवस आभाळ बघतो. नवे पत्रे आले म्हणजे झोपेन निवांत."

शेवटी मिस्त्री वर चढले. पण काम हातात घेतलं की त्यांना वेडंवाकडं जमायचंच नाही. एकेक खिळा हळूच उपसला, दगडावर सरळ केला, डब्यात टाकला. पत्रे उतरवून भिंतीशी लावले, मोठ्यावर मोठा, लहानावर लहान.

"अहो, थोडे इकडे तिकडे फेका की," मी म्हटलं.

"पत्रा दुमडला की वाया जातो."

मग आम्ही वाट बघत बसलो. पाहणीच्या आधी पाऊस आला. खाटेवर ताडपत्री धरली, पण पाणी भिंतीवरून उतरलं, जमिनीतून वर आलं. अंथरुणाचा कोरडा कोपरा शोधत मी भाऊजींना इकडून तिकडे सरकवत होते. त्यांना थंडी भरली ती भरलीच.

नंतर पाहणीला आले ते साहेब वेगळे. गमबूट, हातात छत्री. त्यांनी वर आभाळ पाहिलं, भिंतीशी लावलेली चवड पाहिली, खिळ्यांचा डबा उचलून खुळखुळवला.

"बरंच टापटिपीचं वादळ होतं म्हणायचं. जाताना खिळे सरळ करून डब्यात भरून गेलं!"

बरोबरची माणसं हसली. भाऊजीही हसले. गंमत कुणाचीही असो, त्यांना हसू आवरायचं नाही. त्या हसण्याचा खोकला झाला आणि तो थांबेना. साहेबांनी डबा होता तिथे ठेवला. "हातांनी उतरवलेलं छप्पर मला नुकसानीत धरता येत नाही, बाबा," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. बाहेर पडताना उंबऱ्यावर वाकून दार ओढून पाहिलं. भिजून फुगलेलं दार लागलं नाही, तसंच राहिलं.

मिस्त्रींनी डबा उचलला. तेच पत्रे, तेच खिळे घेऊन पुन्हा वर चढले. उतरले तेव्हा संध्याकाळ होत आली होती. भाऊजींनी डोळे उघडून वर पाहिलं.

"टिकेल का रे, दादा?"

मिस्त्रींनी हातोडी खाली ठेवली.

"नाही," ते म्हणाले.

भाऊजींनी मान हलवली आणि कुशीवर वळले. मी त्यांच्या अंगावर माझं लुगडं टाकलं. घरात कोरडं असं तेवढंच उरलं होतं.

आमचे भाऊजी त्याच वर्षी, नात पालथी पडायला लागली त्या आठवड्यात, बुधवारी दुपारी वारले. छप्पर त्यानंतरच्या वाऱ्यात गेलं. मिस्त्रींनी ते पुन्हा चढवलं नाही. ते पुढच्या वर्षी वारले, नातीचं पहिलं पाऊल पडलं त्या महिन्यात.