वीस कपांची किटली

मी किटली बोलतेय. जरा दमानं ऐका. नळीत क्षार साचलाय, शब्द थेंबाथेंबानंच पडणार.

तांबटानं मला ठोकठोकून घडवलं. टक्केटोणपे खाल्ले की शहाणपण येतं म्हणतात. मला नुसते पोचे आले. बंदराजवळच्या या घरी मी आले, तेव्हा आजच्या सासूबाई नव्या सून होत्या. "वीस कप मावतात ना?" एवढंच त्यांनी विचारलं. तेव्हाच मी काय ते ओळखायला हवं होतं.

शहर जुनं. समुद्राला लागून दगडी तट, आत बोळ आणि बोळाबोळात गाणं. ते ऐकायला लांबून लोक येतात, आमच्या माडीवर उतरतात आणि जाताना म्हणतात, "पाहुणचार करावा तर तुम्हीच!" सासूबाई फुलतात. त्या वेळी सून मागं मोरीवर कप विसळत असते. मधे भिंत, तिला काय ऐकू येणार!

सासूबाईंचा एक नियम होता. आल्या माणसाला तीन दिवस 'काय काम काढलंत' म्हणून विचारायचं नाही. विचारलं की माणूस उपरा होतो.

यंदा सुनेची कंबर धरली. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "वाकणं बंद, नाहीतर कायमचं अंथरूण धराल." म्हणून तिच्या नवऱ्यानं परगावी मामांना निरोप धाडला, कामाला एक बाई पाठवा. तेव्हापासून सून पोळी लाटतानाही दाराकडे कान ठेवून असायची.

एका दुपारी सून मागं मोरीवर असताना पन्नाशीची एक बाई बोचकं घेऊन दारात आली.

"मी त्या..."

"आधी बसा हो!" सासूबाईंनी तिचं वाक्य मोडलं. "पाणी घ्या, चहा घ्या. बोलणं कुठं पळून जातंय?"

झालं! बाईंना माडीवरची खोली मिळाली. संध्याकाळी चौकात गाणं ऐकायला नेलं, तेही पहिल्या रांगेत. बाई कप उचलायला लागल्या की सासूबाई धावत यायच्या, "हात नका लावू, आम्हाला पाप लागेल!" बाई बिचाऱ्या संकोचून बसायच्या. आणि एक माणूस वाढलं म्हणून सून माझ्यात आणखी पाणी ओतायची. जिने चढून चढून आम्ही दोघी मोडकळीला आलो होतो.

तिसऱ्या दिवशी मला उचलताना तिच्या पाठीत लचक भरली. मी फरशीवर आदळले, नळी वाकली, चहा चुलीपर्यंत गेला. बाई धावत खाली आल्या. त्यांनी सुनेला धरून खाली बसवलं, पाठीला हात लावला. सुनेला रडू फुटलं.

"एक बाई यायची होती कामाला... आलीच नाही मेली!"

"अगं, ती मेली मीच!"

मग सून हसायला लागली. कळ येतेय, तरी हसतेय.

"अहो, मग बोलायचं नाही का?" सासूबाई म्हणाल्या.

"बोलू कधी? तुम्ही तोंडात सारखा घास कोंबताय!" बाईंनी पदर खोचला. "फरशी मी पुसते. चहाचं तुम्ही बघा. ही आता उठायची नाही."

सासूबाईंनी मला भरून चुलीवर ठेवलं. चहा उकळल्यावर उचलायला गेल्या, तर दोन्ही हात लावावे लागले.

"केवढी जड झालीय ही!"

जड मी नव्हते झाले. त्या विसरल्या होत्या.

सुनेचा कप त्यांनी स्वतः भरला. अर्धा बशीत सांडला, पण भरला. सुनेनं मान खाली घालून तो प्यायला.

आता बाई इथंच राहतात. माझी नळी वाकडीच आहे. धार भलतीकडे जाते, तरी रोज चुलीवर चढते. या शहरात याल तेव्हा गाणं पोटभर ऐका, चहाही मागा. फक्त आपला कप आपण आत नेऊन ठेवा. थकलेय हो मी.