दुसरा पेला

गालेबसाठी मला मागणी घालायला सॉल्ट शहरातल्या आमच्या घरी वीस माणसं आली. बोलायचा मान त्याच्या अबू मुतलककाकांना होता. आमच्याकडे मागणी घालणारा कॉफीचा पेला समोर ठेवतो आणि होकार मिळाल्यावरच तोंडाला लावतो.

काकांनी विनंतीने सुरुवात केली. मग विनवणी झाली, आर्जव झालं, याचना झाली, पण माझं नाव काही येईना. बोलून बोलून घसा कोरडा पडला आणि काकांनी नकळत पेला रिकामा केला.

मी दाराआडून सगळं ऐकत होते.

"कॉफी प्यालात, म्हणजे मागायचं काही नव्हतंच," बाबा म्हणाले. "नुसते गप्पा मारायला आलात वाटतं."

मी दुसरा पेला भरून आत्याच्या हाती पाठवला.

"हा कोणी भरला?" बाबांनी विचारलं.

"विज्दानने," आत्या म्हणाली.

बाबांना हसू आवरेना. "अबू मुतलक, आता फक्त मुलीचं नाव घ्या."

"विज्दान."

"दिली. प्या."

याला त्रेपन्न वर्षं झाली. गालेब अजून सांगतो, मागणी त्याच्या घरच्यांनी नाही, मीच घातली.